पाचवी नोट

सकाळी साडेदहाला बँकेचं शटर वर जातं आणि अकरापर्यंत कॅश काउंटरसमोर नऊ-दहा माणसं उभी राहतात. रोखपालाच्या हातातून पाचशेच्या नोटांची गड्डी सरसर जात असते. मध्येच एका नोटेवर अंगठा अडतो. कागद जरा जास्तच गुळगुळीत लागतो. नोट बाजूला निघते, उजेडासमोर धरली जाते, आणि काचेपलीकडचा खातेदार विचारतो, ‘काय झालं हो?’

बनावट नोटांबद्दलचं सगळं प्रशिक्षण या प्रश्नानंतरच्या दोन-तीन मिनिटांसाठी असतं. आपल्याकडच्या सहकारी बँकांमध्ये या विषयावर जे ऑनलाइन कोर्स फिरतात, त्यांतले बरेचसे त्या मिनिटांपर्यंत पोचतच नाहीत. पहिल्या पडद्यावर बँकेचं बोधचिन्ह, दुसऱ्यावर स्वागत, तिसऱ्यावर उद्दिष्टं, आणि चौथ्यापासून रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांचे परिच्छेद जसेच्या तसे. शेवटी दहा प्रश्न. मार्चअखेर सगळ्या शाखांच्या नावापुढे ‘पूर्ण’ अशी हिरवी खूण लागते. तपासणीला येणाऱ्याला दाखवायला तेवढं पुरतं. काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा काहीच उपयोग नसतो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण चूक झाली तर जाब त्यालाच विचारला जातो.

नियम मुळात अवघड नाहीत. काउंटरवर आलेली बनावट नोट ग्राहकाला परत द्यायची नाही, फाडायचीही नाही. तिच्यावर ५ सेंटिमीटर बाय ५ सेंटिमीटरचा ठरलेला शिक्का मारायचा, वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करायची, आणि ग्राहकाला ठराविक नमुन्यातली पावती द्यायची. ग्राहकाने पावतीवर सही करायला नकार दिला तरीही पावती द्यायचीच. त्या नोटेची रक्कम खात्यात जमा करायची नाही. एकाच व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा निघाल्या तर महिन्याच्या शेवटी पोलिसांकडे एकत्रित अहवाल जातो. पाच किंवा जास्त निघाल्या तर त्या ताबडतोब पोलिसांकडे जातात आणि गुन्हा नोंदवला जातो. पाचव्या नोटेला रस्ता बदलतो.

एवढं पाच-सहा वाक्यांत सांगता येत असेल तर लोक चुकतात कुठे? कोर्स लिहायला बसण्याआधी याचं उत्तर मिळवायला हवं, आणि ते मुख्य कार्यालयात बसून मिळत नाही. वेगवेगळ्या शाखांतल्या पाच-सहा रोखपालांशी प्रत्येकी अर्धा तास बोलावं. ‘तुम्हाला काय शिकायला आवडेल?’ असं विचारू नये. त्याची उत्तरं गुळमुळीत येतात. ‘मागच्या वेळी खोटी नोट आली तेव्हा काय झालं, अगदी पहिल्यापासून सांगा,’ असं विचारावं आणि गप्प बसावं. मग कळतं की नोट ओळखायला जमत होतं, पण समोरचा वीस वर्षांचा खातेदार होता. शिक्का शाखाधिकाऱ्यांच्या कपाटात होता आणि ते बाहेर गेले होते. पावतीपुस्तक संपलेलं होतं. नोटा तपासायचा अतिनील दिवा महिनाभर बंद होता.

यातल्या निम्म्या गोष्टींना कोर्स हे उत्तरच नाही. माणसाला माहीत नाही, माहीत आहे पण जमत नाही, जमतं पण साधन नाही, आणि साधन आहे पण भीती वाटते, या चार अवस्था वेगळ्या. शिक्का कपाटात असेल तर तो काउंटरच्या खणात आणणं हे प्रशिक्षण विभागाचं पहिलं काम आहे, एकही पडदा तयार करण्याआधी. हे वरिष्ठांना सांगायला धीर लागतो, कारण त्यांनी कोर्स मागितलेला असतो, शिक्का नव्हे. पण तेव्हाच सांगितलं नाही तर सहा महिन्यांनी ‘कोर्स करूनही फरक पडला नाही’ हे ऐकून घ्यावं लागतं.

मग उरलेल्याची विभागणी करावी. डोक्यात आणि हातात असायलाच हवं असं काय, आणि कागदावर बघून केलं तरी चालेल असं काय? नोट ओळखणं हातात हवं. ‘परत द्यायची नाही’ हे डोक्यात हवं. ग्राहकाला काय सांगायचं ते जिभेवर हवं. शिक्क्याचं माप, अहवालाचा नमुना, चार आणि पाचमधला फरक हे सगळं काउंटरच्या आत चिकटवलेल्या एका जाड कार्डावर असलं तरी भागतं. बऱ्याच कोर्सांत नेमकं उलटं होतं. शिक्क्याच्या मापावर प्रश्न विचारला जातो, आणि ग्राहकाशी बोलायच्या वाक्यांचा उल्लेखही नसतो. कार्ड तयार केल्याबरोबर कोर्स निम्म्याने लहान होतो. चलनाचा इतिहास, टाकसाळी, छापखाने हे सगळं आपोआप गळून पडतं. ते वाचायला छान असतं, पण रांग उभी असताना ते आठवून काही करायचं नसतं.

आता नोट ओळखण्याचा भाग. पाचशेची नोट ६६ मिलिमीटर बाय १५० मिलिमीटरची, राखाडी रंगाची, मागच्या बाजूला लाल किल्ला. तिरकी केली की सुरक्षा धागा हिरव्याचा निळा होतो. दोन्ही कडांना उठावाच्या पाच तिरप्या रेषा असतात. यातलं रंग बदलणं पडद्यावर दाखवता येतं. हातात धरलेली नोट हळूहळू तिरकी होतेय असं दहा-बारा सेकंदांचं जवळून घेतलेलं चित्रण पुरे, संगीताशिवाय. उठाव मात्र पडद्यावर कितीही मोठा करून दाखवला तरी बोटाला कळत नाही. म्हणून त्या ठिकाणी कोर्सने शिकणाऱ्याला पडद्यापासून दूर पाठवावं: ‘खिशातली पाचशेची नोट काढा. डोळे मिटा. डाव्या कडेवरून अंगठा फिरवा. रेषा मोजा.’ ऑनलाइन कोर्समधली सगळ्यात चांगली मिनिटं कधी कधी अशी पडद्याबाहेरची असतात. रंगीत छापून नमुन्याच्या खोट्या नोटा वाटण्याची कल्पना कोणी ना कोणी मांडतंच. ती तिथल्या तिथे थांबवावी. चलनी नोटेसारखा दिसणारा कागद छापणं हा गुन्हा आहे. खऱ्या नोटेची वैशिष्ट्यं दाखवायला रिझर्व्ह बँकेचं ‘पैसा बोलता है’ हे संकेतस्थळ आहे. आणि तसंही, खोटी ओळखायला शिकायचं असेल तर खरीचा हात बसलेला असावा लागतो.

व्हिडिओ किती लांब असावा यावर खूप बोललं जातं. २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरचे व्हिडिओ सुमारे ६९ लाख वेळा कसे बघितले गेले याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोकांचा बघण्याचा वेळ साधारण सहा मिनिटांच्या आसपासच थांबत होता. तेव्हापासून ‘सहा मिनिटं’ हा मंत्र झाला. मला तो मंत्र म्हणून पटत नाही, कारण ते महाविद्यालयीन विषय शिकणारे लोक होते आणि काउंटरवर दोन मिनिटंही सलग मिळत नाहीत. एका व्हिडिओत एकच कृती ठेवली की लांबी आपोआप दोन-तीन मिनिटांवर येते. त्याहून मोठी चूक म्हणजे पडद्यावर पूर्ण परिच्छेद दाखवून तोच परिच्छेद निवेदकाच्या आवाजात वाचणं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी बहुमाध्यम शिक्षणावर वर्षानुवर्षं केलेल्या प्रयोगांत हे दिसलं की चित्र, निवेदन आणि तेच निवेदन मजकुरात असं तिन्ही एकदम आलं की शिकणं घटतं. डोळे वाचतात आपल्या वेगाने, कान ऐकतात दुसऱ्याच्या वेगाने, आणि चित्राकडे बघायला कोणीच उरत नाही. तरी शाखेतल्या संगणकाला स्पीकर नसतात हे लक्षात ठेवून उपशीर्षकं चालू-बंद करण्याची सोय द्यावीच.

मराठीत कोर्स करणाऱ्यांसाठी इथे एक व्यवहारातली सूचना. मुख्य कार्यालयातून येणारा मजकूर बहुतेक वेळा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये टाइप केलेला असतो. तो कोर्सच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की अक्षरांचा कचरा होतो. रूपांतर करून घेतलं तरी ‘र्‍य’, ‘ॲ’ आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. बटणांची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवलेली असते, त्यामुळे वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात, उकार खालून. ओळींमधलं अंतर थोडं वाढवलं की प्रश्न सुटतो. किरकोळ वाटतं, पण कापलेल्या वेलांटीचं बटण बघितल्यावर शिकणाऱ्याला कळून चुकतं की हे आपल्यासाठी कोणी मनापासून केलेलं नाही.

प्रश्न लिहिणं हे या कामातलं सगळ्यात कष्टाचं आणि मला सगळ्यात प्रिय काम. ‘बनावट नोट आढळल्यास रोखपालाने काय करावे?’ हा प्रश्न नाही, पाठांतराची हजेरी आहे. त्याऐवजी असं लिहून बघा:

‘सोमवार, सकाळचे अकरा. किराणा दुकानाचे मालक ४८,५०० रुपये भरायला आलेत. पाचशेच्या ९७ नोटा. त्यातल्या दोन तुम्हाला खऱ्या वाटत नाहीत. ते म्हणतात, “द्या इकडे, ज्याच्याकडून आल्या त्याच्या तोंडावर मारतो.” मागे रांग आहे. तुम्ही काय कराल?’

पर्याय तीनच. एक, ओळखीचे आहेत म्हणून नोटा परत देऊन ४७,५०० भरून घ्यायचे. दोन, नोटांवर पेनने फुली मारून परत द्यायच्या, म्हणजे त्या पुन्हा चालणार नाहीत. तीन, नोटा ठेवून घेऊन शिक्का, नोंद आणि पावती. चुकीचे दोन्ही पर्याय माणसं खरोखर करतात, आणि दोन्हींमागे चांगुलपणा आहे. म्हणूनच ते प्रश्नात असायला हवेत. चौथा पर्याय केवळ चार भरावेत म्हणून जोडला जातो आणि तो कोणी निवडत नाही. बहुपर्यायी प्रश्नांवरच्या ८० वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा २००५ साली निघाला, त्याचाही निष्कर्ष तीन पर्याय पुरेत असाच होता.

उत्तर निवडल्यावर ‘चूक! पुन्हा प्रयत्न करा’ असं लाल अक्षरांत दाखवू नये. पुढे काय घडेल ते दाखवावं. पहिला पर्याय निवडला तर: ‘मालक आभार मानून गेले. संध्याकाळी त्याच दोन नोटा भाजीवाल्या मावशींच्या गल्ल्यात होत्या. आणि बनावट नोट ठेवून न घेणं म्हणजे बँकेचाच तिच्या प्रसारात हात असल्याचं मानलं जाऊ शकतं.’ एवढं वाचून माणूस क्षणभर थांबतो. शिकणं त्या थांबण्यात होतं. या प्रसंगाचा दुसरा भाग चार-पाच दिवसांनी पाठवावा: तोच काउंटर, तेच मालक, पण आता नोटा पाच. ज्याने आधी बरोबर उत्तर दिलं त्यानेही इथे कार्डाकडे बघायला हवं. बघितलं तर कार्ड कामी आलं.

चार-पाच दिवसांनी का? १८८५ साली हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून, स्वतःलाच तपासून दाखवलं की विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणारे. आपल्या कोर्सच्या शेवटची परीक्षा नेमकी त्या फसव्या पाच मिनिटांत घेतली जाते. म्हणून पाऊण तासाचा एकच कोर्स न करता आठ-दहा मिनिटांचे चार भाग तीन आठवड्यांत पसरावेत, आणि संपल्यानंतर तिसऱ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी एकेक प्रसंग पाठवावा. तारखा बँकेच्या पंचांगाने ठरवाव्यात. महिन्याचे पहिले दहा दिवस पगार आणि पेन्शनचे, सोमवार आणि सुट्टीनंतरचा दिवस गर्दीचा, मार्च तर नकोच. अकरा ते पंचवीस तारखेमधले मंगळवार ते गुरुवार, रोकड जुळल्यानंतरची दुपार. आणि शाखाधिकाऱ्यांना लेखी कळवावं की कोर्सच्या त्या मिनिटांत काउंटर दुसऱ्याने सांभाळायचा आहे. हे एक पत्र गेलं नाही तर उरलेला सगळा खटाटोप घरी रात्री दहाला मोबाइलवर अंगठ्याने ‘पुढे’ दाबण्यात संपतो.

तांत्रिक बाजूची एकच गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे सर्वाधिक तक्रारी येतात. अजूनही कितीतरी कोर्स स्कॉर्म १.२ या ऑनलाइन कोर्स बांधण्याच्या २००१ च्या साच्यात बांधले जातात. शिकणारा कुठपर्यंत आला आणि त्याने काय उत्तरं दिली हे साठवायला त्यात ४,०९६ अक्षरांची जागा असते. पडदे आणि प्रश्न वाढले की ती भरते. मग शिकणारा शेवटच्या प्रश्नाजवळ कोर्स बंद करून परत येतो तर पुन्हा पहिल्या पडद्यावर, आणि नोंदीत ‘अपूर्ण’. त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. लहान भाग करण्याचं हे आणखी एक कारण. नाहीतर स्कॉर्म २००४ ची नंतरची आवृत्ती वापरावी, तीत जागा ६४,००० अक्षरांची आहे.

आता समोरासमोरच्या ऑनलाइन सत्राकडे येतो. इथे एकच गोष्ट करायची आहे, ती म्हणजे बोलण्याचा सराव. बाकी सगळं लोकांनी आपापलं केलेलं असतं. साठ मिनिटं, वीस-एकवीस माणसं, आणि चालवणारे दोघं: एक बोलणारा, दुसरा चॅट, अडकलेले माइक आणि बाहेर फेकले गेलेले लोक सांभाळणारा. शाखाधिकारी आणि त्यांचेच रोखपाल एका तुकडीत नकोत. साहेब पडद्यावर दिसत असताना ‘मला भीती वाटली म्हणून नोट परत दिली’ असं कोण बोलेल? सुरुवातीच्या तीन मिनिटांत प्रत्येकाला काहीतरी टाइप करायला लावावं, ज्याचं उत्तर चुकूच शकत नाही: शाखेचं गाव आणि आज काउंटरवर किती जण आले याचा अंदाज. पहिला शब्द उमटला की दुसरा सोपा जातो. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजावं. सात-आठला कोणीतरी बोलतं. चालवणारा माणूस बहुतेक वेळा तिसऱ्या आकड्यालाच घाबरून स्वतः उत्तर देऊन टाकतो, आणि मग तासभर सगळे त्याच्या उत्तराची वाट बघत बसतात.

सराव तिघांच्या गटांत. एक रोखपाल, एक ग्राहक, एक बघणारा. प्रत्येकी चार मिनिटं, मग भूमिका बदलायच्या. तीन फेऱ्यांना बारा मिनिटं लागतात, पण गटांत जाण्या-येण्यात वेळ जातो म्हणून वीस धरावीत. ग्राहकाला आधी कागदावर स्वभाव द्यावा: रागावलेला, रडवेला, ओळख सांगणारा. बघणाऱ्याने एकच गोष्ट लिहायची, रोखपालाने वापरलेलं नेमकं पहिलं वाक्य.

या पहिल्या वाक्यावर सगळं अवलंबून असतं. कागदोपत्री ‘जप्त’ हा शब्द चालतो. काउंटरवर तो शब्द ऐकला की समोरच्याला पोलीस दिसतात आणि आवाज चढतो. ‘जमा करून घेतो’ म्हटलं तर त्याला वाटतं पैसे खात्यात आले. त्याऐवजी असं म्हणावं: ‘काका, या दोन नोटा तपासणीत खऱ्या ठरत नाहीयेत. त्या परत देता येत नाहीत, बँकेला ठेवून घ्याव्या लागतात. तुम्हाला त्याची पावती देते. बाकीचे सत्तेचाळीस हजार पाचशे भरून घेते.’ हे वाचायला सोपं आहे. मोठ्याने म्हणताना पहिल्यांदा घशात अडकतं, विशेषतः ‘परत देता येत नाहीत’ इथे. तिसऱ्यांदा अडकत नाही. हे तीन वेळा म्हणणं पडद्यासमोर व्हावं, ग्राहकासमोर होऊ नये, यासाठीच हा सगळा प्रपंच.

सत्रानंतरच्या लेखी चर्चेत ‘आपलं मत मांडा’ म्हटलं की तीन जण ‘खूप छान सत्र’ लिहितात आणि चर्चा संपते. ‘या पंधरवड्यात काउंटरवर जे घडलं त्यातलं एक लिहा, ग्राहकाचं नाव आणि खाते क्रमांक न लिहिता’ असं म्हणावं. पहिलं लिहिणाऱ्याला एका दिवसाच्या आत उत्तर मिळायलाच हवं, नाहीतर दुसरा लिहीत नाही. पण प्रत्येकाला चालवणाऱ्यानेच उत्तर दिलं तर ती चर्चा न राहता तक्रार खिडकी होते. तिसऱ्या-चौथ्या नोंदीपासून हात आखडावा आणि दुसऱ्या शाखेच्या एखाद्या जुन्या रोखपालाला नाव घेऊन विचारावं, ‘तुमच्याकडे आठवडी बाजाराच्या दिवशी हे कसं करता?’

परिणाम मोजायचा तर १९५९ पासून डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या चार पायऱ्या सांगितल्या जातात: आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, संस्थेला फरक पडला का. बहुतेक ठिकाणी मोजणी पहिल्या पायरीवरच बसून राहते. इथे मात्र शेवटच्या दोन पायऱ्या हाताशी आहेत. रजिस्टरमधल्या नोंदी आणि दिलेल्या पावत्या यांचा मेळ बसतो का, हे तीन महिन्यांनी बघावं. आपल्या बँकेने करन्सी चेस्टकडे, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वतीने नोटा साठवणाऱ्या बँक शाखेच्या तिजोरीकडे, पाठवलेल्या रोकडीत पुढे किती बनावट नोटा सापडल्या, हे बघावं. तो आकडा घटायला हवा. काउंटरवर सापडलेल्या नोटांचा आकडा मात्र कोर्सनंतर वाढू शकतो, आणि ते चांगलं लक्षण आहे. संचालक मंडळाला हे कोर्स सुरू होण्याआधीच सांगून ठेवावं. नंतर सांगितलं तर ते सबबीसारखं ऐकू येतं.

शेवटचं काम देखभालीचं. निर्देश बदलतात, नोटा बदलतात. १९ मे २०२३ ला दोन हजारच्या नोटा चलनातून मागे घेण्याची घोषणा झाली आणि पाठोपाठ कितीतरी कोर्समधले पडदे जुने झाले. म्हणून बदलू शकणारा कुठलाही आकडा निवेदनात किंवा चित्रणात बोलू नये. तो दुरुस्त करायला पुन्हा स्टुडिओ, पुन्हा आवाज, पुन्हा मंजुरी लागते, आणि मग कोणी दुरुस्तच करत नाही. व्हिडिओत निवेदकाने एवढंच म्हणावं, ‘नोटा किती आहेत ते मोजा आणि कार्ड बघा.’ चार आणि पाच हे आकडे कार्डावर छापावेत, खाली कोपऱ्यात छपाईची तारीख घालून, आणि नवं कार्ड आलं की जुनं काउंटरवरून काढून परत पाठवायला सांगावं.